जंताचं औषध पाजलं, तरी दर पावसाळ्यात शेळ्या का दगावतात?

तक्रार दरवर्षी तीच असते. मृगाचा पाऊस पडतो, माळ हिरवा होतो आणि पंधरा-वीस दिवसांत पहिलं करडू जातं. मग एखादी पाठ, म्हणजे तरणी शेळी, हगायला लागते. घरातलं कुणीतरी मेडिकलमधून जंताच्या औषधाची बाटली आणतं, सगळ्या कळपाला पाजतं. चार दिवस बरे जातात. पोळा येईपर्यंत आणखी दोन-तीन शेळ्या गेलेल्या असतात आणि पुन्हा तीच बाटली येते, या वेळी जरा जास्त मापानं. "औषध तर पाजलंय, तरी मरतायत," हे मी आमच्या बालाघाटाच्या माळावर इतक्यांदा ऐकलंय की त्यावर नीट लिहायलाच हवं होतं.

आधी मुद्द्याचं सांगतो. पावसाळ्यात शेळ्या मरतात त्या एकाच आजारानं नाही. निदान चार वेगळे आजार याच तीन-चार महिन्यांत येतात: आंत्रविषार, जंत, करडांची रक्ती हगवण आणि पीपीआर, म्हणजे शेळ्यांची बुळकांडी. चौघांचे उपाय वेगळे आहेत. जंताची बाटली यातल्या तिघांवर काडीचंही काम करत नाही. आणि जो जंत सर्वांत जास्त शेळ्या मारतो, त्यात बहुतेक वेळा शेळी हगतच नाही. म्हणजे हगवण दिसली की आपण जंताचं औषध देतो, आणि खरोखर जंतानं पोखरलेली शेळी शेजारी मुकाट उभी असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बाटली उघडण्याआधी काय बघायचं

कोण आजारी पडलंय ते बघा. दूध पिणारं करडू, नुकतं चारा खायला लागलेलं करडू, गाभण शेळी की सगळा कळप? नंतर किती वेळात झालं ते. संध्याकाळी धडधाकट, सकाळी मेलेलं, ही एक गोष्ट. तीन आठवडे खंगत खंगत गेलेली शेळी ही अगदी दुसरी. मग लेंडी: सुट्टी, गोळा झालेली, पातळ, हिरवी, रक्ताचा धागा असलेली. आणि शेवटी ताप व डोळ्याच्या पापणीचा आतला रंग.

तापासाठी घरातला साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, तो शेळ्यांसाठी वेगळा ठेवा. गुदद्वारात हलक्या हातानं, कडेला टेकवून धरायचा. शेळीचं तापमान साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरेनहाइट असतं. उन्हातून चालून आलेली असेल तर थोडं जास्त येतं, म्हणून सावलीत तासभर उभी केल्यावर मोजा. माणसाच्या हिशेबानं १०२ बघून घाबरू नका, आणि १०५ आलं तर जंत-बिंत विसरून सरळ डॉक्टरांना बोलवा.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट जिवाच्या काळजीनं सांगतो. शेळी अचानक मेली असेल, पोट झपाट्यानं फुगलं असेल, नाकातोंडातून किंवा मागून काळपट, न गोठणारं रक्त आलं असेल आणि अंग नेहमीसारखं ताठ झालं नसेल, तर ती काळपुळी असू शकते. काही भागांत तिला फाशी म्हणतात. असं जनावर कापायचं नाही, सोलायचं नाही, खायचं तर नाहीच. मढं फाडलं की हवेच्या संपर्कात त्या जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. हा रोग माणसाला होतो आणि माणूस मरतो. मढ्याजवळ पोरं आणि कुत्री फिरकू देऊ नका, दवाखान्याला कळवा, आणि पुरायचं कसं हे त्यांना विचारूनच करा.

रात्रीत गेलेलं गुटगुटीत करडू

पावसाळ्याच्या सुरुवातीला जो पहिला धक्का बसतो तो बहुतेक आंत्रविषाराचा असतो. यात कळपातलं सगळ्यांत चांगलं करडू जातं, आणि मालकाला तेच जास्त लागतं. जुळ्यातलं जे जास्त दूध ओढतं, जे खुराकाच्या घमेल्यात पहिलं तोंड घालतं, तेच.

याचा जंतू शेळीच्या आतड्यात थोड्या प्रमाणात असतोच. उन्हाळाभर वाळक्या चाऱ्यावर काढलेली शेळी एकदम कोवळ्या लुसलुशीत गवतावर सुटली, किंवा धान्याच्या पोत्याला तोंड लागलं, की न पचलेली साखर आणि पिष्टमय भाग आतड्यापर्यंत पोहोचतो. तिथं जंतूंना मेजवानी मिळते, ते भराभर वाढतात आणि विष सोडतात. ते विष रक्तात जाऊन मेंदू आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या खराब करतं. करडू पोटदुखीनं ओरडतं, पाय झाडतं, मान मागं टाकतं, कधी पाण्यासारखी शेंबडी हगवण लागते, आणि काही तासांत संपतं. मोठ्या शेळीत हाच आजार दोन-चार दिवस रेंगाळू शकतो.

लक्षणं दिसल्यावर उपचाराला फारसा वेळ मिळत नाही. म्हणून एक करडू असं गेलं की बाकीच्यांकडे वळा. त्याच दिवशी धान्य आणि भरडा बंद करा. कोवळ्या चराईवर सोडणं थांबवा, गोठ्यात कडबा किंवा वाळलेला चारा द्या. आणि डॉक्टरांना बोलावून उरलेल्यांना लस द्यायची का ते ठरवा.

लस म्हटलं की दुसरी तक्रार येते: "लस टोचली होती, तरी गेली." याची कारणं शोधली तर सहसा सापडतात. आंत्रविषाराची लस पहिल्यांदा देताना दोन मात्रा लागतात, पहिली दिल्यावर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी. बरेचजण पहिल्या मात्रेवर थांबतात, आणि पहिल्या मात्रेनं शरीर फक्त तयार होतं, खरी ताकद दुसरीनं येते. दुसरं कारण वेळेचं. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला पंधरवडा जातो. गवत उगवल्यावर टोचलेली लस त्या पंधरवड्यात काही कामाची नाही. मे महिन्यातच हे काम उरकायला हवं. तिसरं म्हणजे लस मोटारसायकलच्या डिकीत, उन्हात, बर्फाशिवाय आलेली असते. आंत्रविषाराची लस गोठवायचीही नसते. फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवलेली बाटली फेकून द्या. शिवाय शेळीत या लसीचा असर मेंढीपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे ज्या गोठ्यात दरवर्षी करडं जातात तिथं सहा महिन्यांनी पुन्हा टोचावं का हे डॉक्टरांना जरूर विचारा. गाभण शेळीला विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी लस दिली की चिकातून करडांना पहिल्या दोन-अडीच महिन्यांचं संरक्षण मिळतं. अर्थात करडाला जन्मल्यावर तासाभरात चीक मिळाला पाहिजे, नाहीतर आईच्या अंगातली लस आईपाशीच राहते.

अचानक मरण म्हणजे आंत्रविषारच असंही नाही. पावसानं ताण दिलेली, गुडघाभर वाढलेली कोवळी ज्वारी किंवा कापलेल्या ज्वारीचा फुटवा शेळीनं खाल्ला की किराळ लागते. तिथं विष सायनाइडचं असतं आणि मरण मिनिटांत येतं. रक्त लालभडक दिसतं. उतारा डॉक्टरांकडे असतो, पण तो शिरेतून वेळेत जायला हवा. आणि लग्नसराईनंतर उरलेला भात, चपात्या घमेलंभर घालून पोट आंबवून मारलेल्या शेळ्याही कमी नाहीत. अन्न वाया जाऊ नये म्हणून लोक मायेनं घालतात, पण शेळीचं पोट वाळल्या-हिरव्या चाऱ्यासाठी आहे. एकदम पोटभर शिजलेलं धान्य तिला सोसत नाही.

जंत: न हगता मरणारी शेळी

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे पावसाळ्यात शेळ्यांना सर्वांत जास्त पोखरणारा जंत म्हणजे हिमोंकस. तो चौथ्या पोटात राहतो, दोन-तीन सेंटिमीटर लांब, आणि मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ दिसतो. तो रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर. ऐकायला काहीच नाही. पण पोटात १,००० जंत असले तर रोजचे ५० मिलिलिटर झाले. ३० किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन लिटर. हिशेब तुम्हीच करा.

रक्त जातं, लेंडी मात्र सुट्टीच राहते. शेळी फिकट पडते, कळपाच्या मागे राहते, केस राठ होतात, आणि रक्तातली प्रथिनं गेल्यामुळे जबड्याखाली पाण्याची सूज येते. संध्याकाळी चरून आल्यावर ती सूज जास्त दिसते, कारण दिवसभर मान खाली असते. हगवण लावणारे जंतही असतात, ते आतड्यातले वेगळे. पण श्रावण-भाद्रपदात जी शेळी एक दिवस चरताना बसते आणि उठतच नाही, ती बहुतेक हिमोंकसची असते.

मादी जंत दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. ती लेंडीतून माळावर पडतात. उन्हाळ्यात माती तापलेली असल्यानं त्यातलं फारसं काही जगत नाही. पावसाळ्यात मात्र उबदार ओलीत आठवड्याच्या आत अंड्यातून अळी निघून शेळीच्या पोटात जायला तयार होते. दवाच्या ओलीवर ती गवताच्या पात्यावर चढते, पण फार उंच नाही, बहुतेक अळ्या जमिनीपासून दोन-तीन इंचातच असतात. शेळीनं ते पातं खाल्लं की तीन आठवड्यांत नवा जंत अंडी घालायला लागतो. म्हणजे महिन्याला एक पिढी. जूनमध्ये थोडे असलेले जंत भाद्रपदात एवढे कसे झाले, याचं उत्तर इथं आहे. आज औषध पाजून उद्या शेळी त्याच तुडवलेल्या, बुडख्यापर्यंत खाल्लेल्या गवतावर सोडली, तर ती संध्याकाळपर्यंत नव्या अळ्या घेऊन येते. औषधानं पोट साफ केलं तरी माळ साफ होत नाही.

म्हणून पावसाळ्यात दव सुकल्यावर, दहाच्या पुढे शेळ्या सोडा. गवत बोटभर उरलं की तो तुकडा बंद करा. आणि शेळीला तिच्या स्वभावाप्रमाणे वर बघून खाऊ द्या. ती मुळात झाडपाला ओरबाडणारी आहे. मेंढीसारखं बुडख्याशी चरायला लावलं की तिला जंत जास्त होतात. बाभळीच्या शेंगा, बोर, शेवरी, हादगा, अंजनाचा पाला गोठ्यात उंचावर बांधून दिला तर त्यात अळ्या नसतात आणि प्रथिनंही मिळतात. सुबाभूळ चांगलं, पण नुसतं तेच पोटभर नको, केस गळतात.

औषध चालतंय का, हे कसं कळणार

इथं मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय. भारतात अनेक राज्यांतल्या शेळ्या-मेंढ्यांच्या कळपांत अल्बेन्डाझोल या जंताच्या औषधाला दाद न देणारे जंत सापडलेत. ते तसे झाले कारण आपण वर्षानुवर्षं तेच औषध, सगळ्यांना, अंदाजे मापानं पाजलं. कमी मात्रेत कमजोर जंत मरतात आणि टणक उरतात. पुढची सगळी पिढी त्या टणकांची. मग मालक म्हणतो कंपनी बदला. दुकानदार दुसऱ्या नावाची बाटली देतो, आत तेच अल्बेन्डाझोल किंवा त्याचंच भावंड फेनबेन्डाझोल. बाटलीचं नाव बदललं, औषधाचा वर्ग तोच राहिला. लेबलवरचं बारीक अक्षर वाचा किंवा वाचून घ्या. लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन, क्लोझँटेल ही वेगळ्या वर्गांची औषधं आहेत, पण ती आपापल्या मनानं आलटून पालटून देण्याची नाहीत. लेव्हामिसोलची जास्त मात्रा विषारी पडते, क्लोझँटेल जास्त झालं तर शेळी आंधळी होते. अल्बेन्डाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देत नाहीत.

मात्रा वजनावर ठरते, डोळ्याच्या अंदाजावर नाही. काटा नसेल तर शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा, आणि ६६० नं भागा. येतं ते किलो. घेर २८ आणि लांबी २६ आली तर वजन ३१ किलोच्या आसपास. दुसरी गोष्ट, शेळीचं शरीर बरीच जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. मेंढीच्या मापानं पाजलेलं औषध शेळीत अपुरं पडतं, आणि अपुरी मात्रा म्हणजे टणक जंतांची पैदास. शेळीसाठीची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि गोठ्याच्या भिंतीवर लावा.

पाजण्याची पद्धतही बघा. शेळीचं तोंड आकाशाकडे करून नरड्यात ओतलं की औषध श्वासनळीत जातं. ठसका लागतो, दोन दिवसांनी ताप आणि घरघर, मग शेळी जाते आणि नाव जंताचं होतं. मान सरळ, तोंड किंचित वर, सिरिंज गालाच्या बाजूनं जिभेच्या मागच्या भागावर, आणि हळूहळू. गडबड करणाऱ्या माणसाला हे काम देऊ नका.

औषध चालतंय की नाही याची खात्री लेंडी तपासून होते. पाजण्याच्या दिवशी दहा-पंधरा शेळ्यांच्या ताज्या लेंड्या, जमिनीवरून उचललेल्या नाहीत तर गुदद्वारातून घेतलेल्या, तालुक्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात द्या. १४ दिवसांनी त्याच शेळ्यांच्या पुन्हा. अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त उतरली पाहिजे. ग्रॅमला २,००० अंडी होती आणि १४ दिवसांनी ६०० आहेत, तर ते औषध तुमच्या गोठ्यात संपलं, मग ती बाटली कितीही महाग असो. हे काम वर्षातून एकदा केलं तरी पुढच्या वर्षीचे पैसे वाचतात.

मग कुणाला पाजायचं? दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांच्या डॉक्टरांनी एक पद्धत बसवली, तिला फमाचा म्हणतात. तिथल्या फाफा मलान या पशुवैद्याच्या नावावरून ते नाव आलं. डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतला रंग बघायचा आणि १ ते ५ क्रमांक द्यायचा: लाल १, गुलाबीसर लाल २, गुलाबी ३, फिकट ४, पांढरा ५. अंगठ्यानं वरची पापणी डोळ्यावर ओढून बुबुळ हलकं आत दाबा, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढा. आतला पडदा वर येतो. बाहेर उजेडात बघा, बॅटरीच्या उजेडात रंग फसवतो. चार आणि पाचला औषध. करडू किंवा गाभण, दुभती शेळी तीनला असेल तरी द्या. एक-दोन असलेल्यांना देऊ नका. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे एकदा करा, पन्नास शेळ्यांना सकाळचा एखादा तास लागतो.

"चांगल्या शेळ्यांच्या पोटात थोडे जंत ठेवायचे कशाला?" असं विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. कळपातले बहुतेक जंत वीस-तीस टक्के शेळ्यांच्याच पोटात असतात. बाकीच्या शेळ्यांच्या पोटात जे थोडेसे आहेत त्यांना औषध लागू पडतं. त्यांची अंडी माळावर पडत राहिली तर टणक जंतांची पिढी त्यांच्यात मिसळून पातळ होते, आणि औषध आणखी काही वर्षं कामाचं राहतं. शिवाय जी शेळी दरवेळी चार-पाचवर सापडते तिची नोंद ठेवा. ती आणि तिची करडं पुढं पैदाशीला नकोत. उलट जी पावसाळाभर लाल पापणीनं फिरते तिच्या पोटचा बोकड ठेवण्यासारखा.

पापणी फिकट म्हणजे फक्त हिमोंकस असंही समजू नका. गोचीड आणि उवा अंगावर खच्चून असतील तर तेही रक्त पितात. भातखाचरं, ओढ्याकाठ, गोगलगाई असलेल्या कोकणातल्या आणि पूर्व विदर्भातल्या चराईवर यकृतातले चपटे कृमी असतात, त्यांनीही जबड्याखाली सूज येते. त्यांचं औषध वेगळं आहे, आणि नेहमीची जंताची मात्रा त्यांच्या लहान अवस्थेवर चालत नाही. म्हणून लेंडी तपासून घ्या असं पुन्हा सांगतो.

पापणी पांढरी पडलेल्या शेळीला औषध पाजून लगेच तीन किलोमीटर चरायला हाकलू नका. अंगात रक्त नाही, तिला चालवूनच मारलं जातं. गोठ्यात ठेवा, शेंगदाणा पेंड, तुरीची चुणी, हिरवा पाला द्या, लोहाचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारा.

करडांची रक्ती हगवण

वय तीन आठवडे ते चार-पाच महिने, शेपटी घाण, काळपट किंवा रक्ताचे धागे असलेली पातळ हगवण, कुंथणं. हे कॉक्सिडिया. तो जंत नव्हे, डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव आहे, म्हणून कुठलंही जंतनाशक त्याला लागू पडत नाही. डॉक्टर अँप्रोलियम किंवा सल्फा गटातलं औषध देतात, साधारण पाच दिवस, आणि एकाच कप्प्यातल्या सगळ्या करडांना. अँप्रोलियम जास्त दिवस लांबवू नका, त्यानं ब जीवनसत्त्व कमी पडून मेंदूवर परिणाम होतो.

कोंबड्यांमुळे होतं असं अनेकांना वाटतं. कोंबडीचा कॉक्सिडिया शेळीला होत नाही आणि शेळीचा कोंबडीला होत नाही. करडांना तो मिळतो मोठ्या शेळ्यांच्या लेंडीतून, ओल्या जमिनीवरून, आणि ज्या घमेल्यात करडू पाय घालून उभं राहतं त्या घमेल्यातून. नेहमीच्या फिनाईलनं त्याची अंडी मरत नाहीत. कोरडेपणानं आणि उन्हानं मरतात. म्हणून करडांचा कप्पा मोठ्यांपासून वेगळा, जमीन उंच, शक्य असेल तिथं लाकडी फटींचा माचा, गव्हाण करडाच्या पायाच्या वर, आणि पाण्याचं भांडं रोज घासलेलं. गर्दी कमी केली की निम्मं काम होतं.

हगणाऱ्या करडाला पाणी कमी पडतं, ते आधी भरून काढा. माणसाचं ओआरएस लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून, दुधाच्या दोन वेळांच्या मधे थोडं थोडं पाजा. दूध तोडू नका. चोखत नसेल, अंग गार पडलं असेल तर तोंडानं ओतू नका, डॉक्टरांकडून सलाईन लावून घ्या.

ताप, नाक वाहणं, तोंडात फोड, हगवण: पीपीआर

शेळ्यांची बुळकांडी. चार-सहा दिवसांत कळपभर पसरते. ताप १०४ ते १०६, डोळ्यानाकातून आधी पाणी मग घट्ट पू, हिरड्यांवर कोंडा टाकल्यासारखा पांढरा थर, तोंडाला घाण वास, मग हगवण आणि खोकला. गाभण शेळ्या गाभडतात. न टोचलेल्या कळपात निम्म्याहून जास्त जनावरं जाऊ शकतात. हा विषाणू आहे, त्याला मारणारं औषध नाही. प्रतिजैविक देतात ते वरून होणाऱ्या न्यूमोनियासाठी. तापानं फणफणलेल्या शेळीला या वेळी जंताचं औषध पाजणं म्हणजे तिच्यावर आणखी भार टाकणं.

भारतात हा रोग पहिल्यांदा १९८७ मध्ये तमिळनाडूत आढळला. आपल्याकडे त्याची चांगली लस आहे. एक टोचणी तीन वर्षं तरी पुरते, तीन-चार महिन्यांच्या पुढच्या करडाला देतात, आणि सरकारी मोहिमेत ती मोफत मिळते. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि हीसुद्धा २०३० पर्यंत संपवायचं ठरलंय. लस कालवल्यावर बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवावी लागते. सकाळी कालवलेली बाटली दुपारी दुसऱ्या वस्तीवर टोचत असतील तर विचारा, विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

रोग गोठ्यात बहुतेक बाजारातून येतो. विकत आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधा, वेगळं पाणी, वेगळी माणसं, आणि तिचं काम दिवसाच्या शेवटी. आणि हात जोडून सांगतो, एखादी शेळी तापली, नाक वाहू लागलं की "मरायच्या आत विकून टाकू" म्हणून बाजारात नेऊ नका. त्या एका शेळीमागं दहा गावांतले गोठे रिकामे होतात, त्यात एखाद्या विधवा बाईच्या दोन शेळ्याही असतात ज्यावर तिचं घर चालतं. पीपीआर कायद्यानं कळवायचा रोग आहे, दवाखान्यात सांगा.

ओठांवर खपल्या, ताप फारसा नाही, करडू दूध ओढेना, तर तो बहुतेक मावा. खपल्या ओरबाडू नका, हाताला होतो, हातमोजे घाला. दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो, तोवर करडू उपाशी राहू देऊ नका.

मे महिन्यात काय, आणि फोन करताना काय सांगायचं

मेच्या पहिल्या पंधरवड्यात आंत्रविषाराची पहिली मात्रा, दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. घटसर्पाचा त्रास असलेल्या भागात त्याची लस पावसाआधी. पीपीआरची शेवटची टोचणी कधी झाली ते वहीत बघा, वही नसेल तर आज घाला. गोठ्याची ओल काढा, मुरूम भरा, पन्हाळ दुरुस्त करा. सगळ्या शेळ्यांच्या पापण्या एकदा बघून क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे जुलैमधला फरक कळेल. जंताचं औषध देताना लेबलवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते बघा. घरातली लहान मुलं शेळीचं दूध पितात.

शेळी पडली तर १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करता येतो. फोनवर नुसतं "शेळी आजारी आहे" म्हणू नका. वय, गाभण की दुभती, कधीपासून, ताप किती, लेंडी कशी, पापणीचा क्रमांक, गेल्या महिन्यात कोणतं औषध किती पाजलं, आणखी किती जनावरांना झालं आणि नवीन जनावर कधी आणलं, एवढं सांगा. रिकामी बाटली फेकू नका, डॉक्टर आल्यावर ती दाखवा. शेळी मेली असेल आणि काळपुळीची लक्षणं नसतील, तर पुरण्याआधी डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. चौथं पोट उघडलं की लाल-पांढरे जंत आहेत की नाहीत हे तिथल्या तिथं दिसतं, आणि बाकीच्या कळपाला काय द्यायचं ते त्याच दिवशी ठरतं.